धुरपताबाईच्या वाडीतला सशांचा धुरा

आमच्या हिंगणीत भाजीच्या वाड्या पुष्कळ आहेत. बोर धरणाजवळचं गाव, काळी माती, विहिरींना बारमाही पाणी. इथं मेथी-पालक पिकवणं ही काही मोठी कला नव्हे. पण वाडीची आखणी करावी ती धुरपताबाईनंच. हे गावातला कोणीही सांगेल, आणि सांगताना त्याची मान थोडी वर होईल. माझीही होते, कारण माझं वावर तिच्या वाडीला लागून आहे.

तिची रीत अशी. नवा वाफा पाडायचा असला की ती हातात आधी फावडं घेत नाही, लोटा घेते. पाण्यानं भरलेला पितळी लोटा जमिनीवर हळूच रिता करते आणि उकिडवी बसून पाहत राहते. पाणी जरा थबकतं, इकडं जीभ लावून पाहतं, तिकडं जीभ लावून पाहतं, मग आपल्या मनानं निघतं. ते जिकडं जाईल तिकडं ती चुलीतल्या राखेची रेघ ओढते. त्या रेघेवर दांड, म्हणजे पाण्याचा पाट, आणि दांडाच्या दोन्ही अंगांना वाफे. इतकंच. पण तिच्या वाडीत शेवटच्या वाफ्याच्या शेवटच्या रोपालाही तेवढंच पाणी मिळतं जेवढं पहिल्याला मिळतं.

ही विद्या तिनं माहेरून आणली. वडनेरला तिचे वडील बंडूजी भाजी पिकवायचे. धुरपता शाळेत चौथीपर्यंत गेली आणि मग बापाच्या मागंमागं वाफ्यांमधून फिरली. "जमिनीले आपलं सांगत बसू नोको," बंडूजी म्हणायचे, "तिले विचार. लोटा सोड." १९८१ साली लग्न होऊन ती हिंगणीत रूपरावच्या घरी आली, तेव्हा आंदणाच्या भांड्यांत हा लोटा होता. पोचे पडलेला, पण लखलखीत घासलेला.

त्या घरात सासू देवकाबाईचा शब्द चालायचा. सासूला मामी म्हणायची आमच्याकडची रीत. तर ही मामी तोंडाची कडक होती. धुरपताबाईनं पहिल्याच वर्षी वाडीच्या उतारावरच्या कोपऱ्यात, जिथं कधी काही उगवलं नव्हतं, तिथं पालक काढून दाखवला. देवकाबाईनं घासभर खाल्ला आणि एवढंच म्हटलं, "मीठ कमी लागते या पालकाले." धुरपताबाईनं ती स्तुती समजून घेतली, आणि ती स्तुतीच होती. त्या दिवसापासून वाडीत काय कुठं लावायचं, हे धुरपताबाई ठरवायची. घरातलं बाकी सगळं देवकाबाई.

सोळा वर्षं हे असं सुरळीत चाललं. मग १९९७ च्या मार्चमध्ये धाकट्या दिराचं, धर्मेंद्रचं लग्न झालं, आणि नागपूरची रीता या घरात आली. सोबत कपाट, कुलर, शिलाई मशीन आणि झाकणाची एक वेताची टोपली. टोपलीत पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे दोन ससे. दोन्ही माद्या, एकाच विणीतल्या बहिणी. एकीचं नाव बत्तासा, दुसरीचं रेवडी.

आमचं गाव जंगलाला लागून. ससा आम्हाला नवा नाही, पण आमचा ससा मातीच्या रंगाचा. पांढरा ससा बघायला सारा मोहल्ला लोटला. एकजण म्हणाला, "म्हातारा झाला असन. केस पिकले त्याचे."

उन्हाळाभर सशांना रीतानं कुलरच्या खोलीत ठेवलं, पावसाळाभर पडवीत. नागपूरच्या घरात माणसं दहा आणि इथं पाच, त्यातली चार सकाळीच वावरात जायची. रीता सशांशी हिंदीत बोलत बसायची. पोळा झाला, आभाळ निवळलं, तसं तिला वाटलं, यांना थोडं मोकळं सोडावं. तिनं त्यांना वाडीत सोडलं आणि ती कपडे वाळत घालायला गेली. बस, तेवढाच वेळ.

दुसऱ्या दिवशी सेलूचा बाजार होता. देवकाबाई विळा घेऊन वाडीत गेली आणि तशीच परत आली.

"मेथी कोनं कापली वो?"

"कापली नाही मामी," रीता रडवेल्या आवाजात म्हणाली. "खाल्ली."

"दोन वाफे?"

"दीड, मामी. अर्धा तुडवला."

देवकाबाई ओट्यावर बसली. "निकेशले निरोप धाडते मी. भाऊबीजेले येते तो, घेऊन जाईन."

निकेश हा देवकाबाईच्या भावाचा पोरगा. सिंदी रेल्वेला त्याचं किराणा दुकान. दर भाऊबीजेला तो बापाच्या वतीनं आत्याकडं यायचा. लग्नात त्यानं ससे पाहिले होते आणि आत्याच्या कानाशी लागून म्हटलं होतं, ठेवायचे नसतील तर मला द्या. का, ते सगळ्यांना माहीत होतं. धर्मेंद्रनं तर स्पष्टच म्हटलं, "आई, निकेशच्या घरी ससा पाहुणा म्हणून नाई जात. रस्सा म्हणून जाते."

रीतानं पदर तोंडाला लावला. तेव्हा धुरपताबाई दाराच्या चौकटीतून बोलली. ती मोठ्यानं बोलत नाही. पण त्या दिवशी बोलली ते मी माझ्या वावरातून ऐकलं.

"मामी, भाऊबीजेपर्यंत थांबा. वाडीची आखणी मी नव्यानं करते. मेथीबी राहीन अन् ससेबी राह्यतीन."

"दोन्ही? बोका अन् दुधाची वाटी एका शिक्यावर?"

"दोन्ही."

"अन् नाई राह्यले तं?"

"तं ससे मी सोताच्या हातानं निकेशच्या टोपलीत ठेवीन. अन् वाडीत कुठं काय लावाचं ते पुढच्या सालापासून तुमी सांगा. मी लोटा वर ठेवून देईन."

रूपराव बैलाला चारा टाकत होता, त्याचा हात तसाच राहिला. सासूसमोर असं काही पणाला लावणारी सून त्यानं पाहिली नव्हती, आणि ती आपली बायको निघावी याचं त्याला थोडं भय वाटलं, थोडा अभिमान.

"बरं," देवकाबाई म्हणाली. "भाऊबीज."

आता आखणी करायची तर ससा कसा वागतो ते कळायला हवं. धुरपताबाई रामाजीकडं गेली. रामाजीचा जन्म जंगलात ढोरं चारण्यात गेला होता. कोणत्या झुडपाखाली ससा बसतो, ते तो दुरून सांगायचा. रामाजीनं बिडी पेटवली आणि ऐटीत सांगितलं, "पाह्य बाई, ससा उकरत नाई. बीळ करते ते उंदीर, घूस. ससा गवतात नुसती बसाची जागा करते, पातेल्यासारखी. अन् उडी मारते. तू कूप उंच कर. उंच कूप अन् बसाले गवत, झालं सशाचं राज्य."

धुरपताबाईला ते पटलं. आमच्यातल्या कोणालाही पटलं असतं.

तिनं अंगणात राखेनं अख्खी वाडी काढली. आमच्याकडं दोन वावरांमधल्या न नांगरलेल्या पट्टीला धुरा म्हणतात. धुऱ्यावर पीक घेत नाहीत. तिथलं गवत गाईगुरांच्या हक्काचं. धुरपताबाईनं ठरवलं, वाडीच्या आत सशांसाठी एक धुरा सोडायचा. वाडीच्या मधोमध, मुख्य दांडाला लागून, दोन हात रुंद पट्टी. गाळाची भुसभुशीत माती टाकून तो धुरा तिनं उंच केला, त्यावर हरळी आणि लसूणघास लावली. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना बोरीच्या काट्यांचा कमरेएवढा कूप, म्हणजे कुंपण, घातला. पलीकडं मेथी, पालक, मुळा, गाजर.

लोक पाहायला येत होते. "सशाले कॉलनी काढून देल्ली वो बाईनं," शेजारची मंदाबाई म्हणाली. धुरपताबाई हसली. तिला खात्री होती.

आठ दिवस सगळं झकास चाललं. बत्तासा आणि रेवडी धुऱ्यावर फिरायच्या, घास खायच्या, कुपाकडं ढुंकूनही पाहायच्या नाहीत. नवव्या दिवशी धुरपताबाईनं मोटर सुरू करून दांडाला पाणी सोडलं. पाणी नेहमीसारखं निघालं, धुऱ्यापर्यंत आलं आणि थांबलं. साचलं नाही, पुढं गेलं नाही. नुसतं जमिनीत नाहीसं होऊ लागलं. धुरपताबाई दांडाकाठी वाकली. तिच्या आयुष्यात पाणी तिला असं फसवून कधी गेलं नव्हतं.

तेवढ्यात गाजराच्या वाफ्याच्या मध्यात माती हलली आणि तिच्यातून रेवडीचं ओलं, चिखलानं माखलेलं डोकं वर आलं. कान झटकून तिनं शेजारचं गाजर धरलं.

धुऱ्याची ती मऊ माती आतून पोखरून निघाली होती. दोघींनी एक बोगदा कुपाखालून गाजरात नेला होता, एक दांडाखालून. धुरपताबाईनं कूप जितका उंच नेला होता, तितक्याच त्या खाली गेल्या होत्या.

रामाजीला बोलावलं. त्यानं बराच वेळ भोकात पाहिलं. "हा ससाच नाई," शेवटी तो म्हणाला.

"मंग काय आहे, रामाजी?"

"नाव सशाचं आहे, काम घुशीचं. माया ससा असा नव्हता बापा."

खरं तेच होतं. आम्ही दोघांनाही ससा म्हणतो. पण जंगलातला ससा उघड्यावर निजणारा, आणि हा पिंजऱ्यातल्या कुळातला, जमिनीत घर करणारा. एकाच नावाचे दोन जीव. धुरपताबाईनं नावावरून आखणी केली होती.

देवकाबाई संध्याकाळी वाडीत येऊन गेली. जाताना फक्त म्हणाली, "निकेशले मोठी टोपली आणाले सांगू की लहान चालन?"

भाऊबीजेला अठ्ठावीस दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रीता वाडीत आली, तेव्हा धुरपताबाई मोडलेल्या धुऱ्यावर बसली होती. शेजारी लोटा.

"बाई, राहू द्या," रीता म्हणाली. थोरल्या जावेला ती बाई म्हणायची. "माझ्यापायी तुम्ही कशाला बोलणी खाता? मी देऊन टाकते."

"तुयापायी नाई खाऊन राह्यली. मायाच चुकीपायी खाऊन राह्यली." धुरपताबाईनं लोटा उचलून तिच्यासमोर धरला. "बारा गावच्या पाण्याले मी विचारलं, कुठं जातं बापा म्हणून. अन् सशाचं रामाजीले विचारलं. सशाले काऊन नाई विचारलं मी?"

"सशाला कसं विचारणार?"

"लोटा सोडाचा. जा, आण त्याहिले."

तिनं वाडीचा पडीक भाग मोकळा केला. कूप फक्त कडेनं, आत काही नाही. तिथं बत्तासा आणि रेवडीला सोडलं, आणि दोघी जावा राखेचं टोपलं घेऊन बाभळीच्या सावलीत बसल्या. तीन दिवस बसल्या. भाकरी तिथंच. ससे जिथून पळाले, तिथं राखेची रेघ. जिथं बसले, तिथं गोल. जिथं उकरलं, तिथं फुली.

तीन दिवसांत जमिनीवर आपोआप एक नकाशा उमटला. मधल्या मोकळ्या भागात एकही रेघ नव्हती. सगळ्या रेघा कुपाच्या कडेकडेनं, जसं बाजारात नवखं माणूस भिंत धरून चालतं. आणि जवळजवळ सगळ्या फुल्या एकाच ठिकाणी, सीताफळाच्या झाडाखाली, जिथं माती कोरडी आणि उंच होती. ओल्या जागेत दोघींनी एकदाही पाय घातला नव्हता.

"पाह्यलं?" धुरपताबाई म्हणाली. "त्याहिले मधात नाई राहाचं. त्याहिले कड पाह्यजे. मीच आणून मधात बसवलं."

रीता राखेनं माखलेल्या हातांनी हसत होती. लग्न झाल्यापासून ती इतकी मोठ्यानं हसलेली कोणी ऐकली नव्हती. मंदाबाई कुपावरून डोकावली. "काय वो, सशाचं लगन लावून राह्यल्या काय? रांगोळी काऊन काढली?"

"येजो जेवाले!" रीता म्हणाली. हिंगणीची बोली तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाली, ती अशी.

मग खरी आखणी झाली. सशांचा धुरा मधून उचलला आणि वाडीच्या चारही कडांनी फिरवला, कुपाला लागून, हातभर रुंद, हरळी आणि घास लावलेला. आता त्यांना पळायला गोल वाट झाली, कधी न संपणारी. सीताफळाखाली मुरूम आणि मातीचा मोठा ढीग टाकून दिला: उकरा किती उकरायचं ते. त्यात फुटकी मडकी आडवी पुरली, निजायला. धुऱ्याच्या बाहेरून, माझ्या वावराच्या बाजूनंही, खाली दगड पुरले. मला विचारलं नाही, पण मी दगड वाहिले.

राहिली वाफ्यांची बाजू. तिथं काय पुरायचं? धुरपताबाईची नजर घरामागच्या ढिगावर गेली. त्याच उन्हाळ्यात रूपरावनं घराची जुनी कवेलू, म्हणजे कौलं, उतरवून टिनं टाकली होती. ती कवेलू तिनं वाफ्यांभोवती उभी गाडली, एक वीत जमिनीत, एक वीत वर, एकाला एक लागून. त्यांच्या आतल्या बाजूनं लसणाची दाट ओळ, मग कांद्याची. तीन दिवसांत त्या दोघींनी भाकरीबरोबरच्या कांद्याची पात हुंगून तोंड फिरवलेलं तिनं पाहिलं होतं. कांद्याच्या आत सांबार, म्हणजे कोथिंबीर, मग मुळा, आणि सगळ्यात आत मेथी.

रूपराव कवेलू वाहून वाहून थकला. "माया आज्यानं सेलूवरून बैलबंडीनं आणले हे कवेलू," तो म्हणाला. "माणसाच्या डोक्यावर होते. आता सशाच्या पायाशी."

"आजाले सांगजा, पिढी वाढली म्हणून," धुरपताबाई म्हणाली.

पेरणी झाली. भाऊबीजेला पाच दिवस उरले तेव्हा मेथी बोटभर वर आली. तीन दिवस उरले तेव्हापासून ससे रोज सकाळी धुऱ्यावर सोडले जाऊ लागले आणि ऊन उतरलं की टोपलीत घरी यायचे. पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत होतं.

भाऊबीजेला निकेश आला. मोठी टोपली घेऊन आला, वर जाळी बांधलेली. ओवाळणं झालं, जेवण झालं, पानसुपारी झाली.

"आत्या, चला मंग," तो म्हणाला. "कुठी आहेत जनावरं?"

"बस," देवकाबाई म्हणाली. "पाहू दे मले आधी."

तिनं स्वतः खुर्ची वाडीत नेऊन ठेवली, मेथीच्या वाफ्यासमोर, आणि रीताला म्हटलं, "सोड." मग काडीनं धुऱ्याकडं दाखवून, "तिथं नाई. इथं सोड. मेथीपुढं."

रीतानं धुरपताबाईकडं पाहिलं. धुरपताबाईनं मान हलवली.

रीतानं दोघींना कवेलूंच्या अगदी पुढ्यात ठेवलं. मेथी तिथून चार हातांवर होती, कोवळी, चकचकीत. बत्तासानं नाक वर केलं. दोन पायांवर उभी राहून तिनं कवेलूवर पंजे टेकवले. निकेश हसला. रेवडीनं कवेलूच्या बुडाशी उकरायला घेतलं, नखं खापरावर खरखर वाजली, तिनं सोडून दिलं. बत्तासानं मान लांबवून लसणाची पात हुंगली, शिंकल्यासारखं केलं आणि खाली उतरली. मग एकीनं कड धरली, दुसरी तिच्या मागं. दोघी कुपाच्या सावलीनं पळत सुटल्या, एक फेरा, दुसरा फेरा, मध्येच उड्या मारत, आणि सीताफळाखालच्या ढिगात शिरून अशा उकरू लागल्या की मागं मातीचा फवारा उडाला.

देवकाबाई उन्हं कलेपर्यंत तिथंच बसून राहिली. कोणी उठवायला गेलं नाही. निकेशनं दोनदा बसची आठवण करून दिली. शेवटी ती उठली, वाफ्यात पाय ठेवला, वाकून मेथीचं एक पान तोडलं आणि चावलं.

सगळे तिच्या तोंडाकडं पाहत होते.

"मीठ कमी लागन," देवकाबाई म्हणाली.

मग तिनं निकेशच्या हातातली टोपली घेतली, जाळी सोडून बाजूला टाकली आणि विळा मागितला. स्वतः बसून मेथी कापली. पेंढ्या बांधल्या, वरून सांबार, जुन्या वाफ्यातले चार मुळे, टोपली शिगोशीग.

"आत्या, हे काय?" निकेश म्हणाला.

"पाहुण्याची टोपली रिकामी धाडत नाई आमच्या घरून. घे. घरी भाजी करजो."

निकेश मेथी घेऊन सिंदीला गेला. धर्मेंद्र त्याला बसस्टँडपर्यंत सोडायला गेला आणि वाटभर हसत राहिला असणार, कारण परत आला तेव्हाही हसतच होता. धुरपताबाईनं लोटा विहिरीवर घासला आणि कोनाड्यात नेहमीच्या जागी ठेवला.

बत्तासा २००३ पर्यंत जगली, रेवडी त्यानंतर एक वर्ष. दर उन्हाळ्यात धुऱ्याच्या एका बाजूवर दोडक्याचा मांडव असायचा, आणि त्याच्या सावलीतल्या मडक्यांवर ओली पोती. ती पोती दुपारी दोनदा भिजवायचं काम देवकाबाईनं कधी कोणाला करू दिलं नाही. सशांच्या लेंड्यांचं खत घातलेल्या वाफ्यात पालक असा आला की वडनेरहून बंडूजी स्वतः पाहायला आले. म्हातारे काठी टेकत साऱ्या धुऱ्यावरून फिरले. कवेलूंवर काठी वाजवून पाहिली.

"कोनं काढली ही आखणी?" त्यांनी विचारलं.

धुरपताबाई काही बोलायच्या आत देवकाबाई पुढं झाली. "आमच्या घरची आहे, व्याही. सशाले कडेनं ठेव म्हणून मीच सांगतलं होतं हिले."

धुरपताबाईनं पदराआड हसू दाबलं आणि बापासाठी पाणी आणायला गेली. पाणी तिनं त्याच लोट्यातून आणलं.